घट

कंपनी दहेजला निघाली होती.
रबाळ्याच्या प्रयोगशाळेत अर्धी कपाटं पुठ्ठ्यात बांधून झालेली,
आणि हसुराम मढवी
लोणच्याच्या बरणीत खाडीचा चिखल घेऊन आला.
"यान काय हाय त बगा, मॅडम."

झाकण फिरवलं. सडक्या अंड्याचा वास.
काळा चिखल, तिवरांच्या मुळांचे केस अडकलेला.
एकवीस वर्षं त्यानं माझ्या बाटल्या धुतल्या,
नमुन्याला नंबर लागतो हे त्याला सांगायला नको.
वहीत मी लिहिलं, एकशे अठ्ठेचाळीस.
'कुणाकडून' या रकान्याशी थांबले.
"आयेकरनं लिवा," तो म्हणाला.

गोठिवलीच्या खाजणात ती निवट्या धरायची,
कोपरापर्यंत हात बिळात.
माघात गेली. राख तिथंच सोडली, ओहोटीला.
तो काय शोधायला सांगतोय ते मला कळलं.
कळलं नाही असं दाखवून
मी चिखल एकशे पाच अंशांवर रात्रभर सुकत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मूस तोलली, चौथ्या दशांशापर्यंत,
आणि भट्टीत ढकलली.
साडेपाचशे अंश. चार तास.

चार तास म्हणजे बोलणं आलंच.
हसुराम तरुणपणी गावच्या संघात डावा कोपरा खेळायचा.
मी म्हटलं, कार्बन म्हणजे साखळी धरणारा गडी,
आणि त्याला हात चार.
दोन शेजाऱ्यांना दिले तरी दोन उरतात.
हजार जण ओळीनं उभे राहिले तरी पकड सुटत नाही,
सहा जणांनी फेर धरला तर वासही सुटतो.
भात, निवटी, तिवराचं पान, तुमची मिशी,
सगळी याचीच साखळी,
कोण कुठं उभं एवढाच फरक.

"न त्यो महाप्याचा?"
त्यानं खिडकीतून काचेच्या इमारतींकडे बोट केलं.
सिलिकॉन. तक्त्यात कार्बनच्याच खालच्या घरात राहतो.
हात त्यालाही चार,
पण ओल लागली की साखळी सोडतो,
आणि ऑक्सिजनशी जमलं की थेट दगड. वाळू.
आपण त्याचे बनलो असतो तर
दर उच्छ्वासाला तोंडातून रेती पडली असती.
हसुराम हसला. मग हसायचा थांबला.
"म्हंजे कार्बन जालला का वाऱ्यान जातं?"

वाऱ्यात जातो.
आता पुढचं सांगावंच लागलं.
तुम्ही ओहोटीला सोडलंत ते हाडांतलं चुन्याचं होतं, हसुराम.
बाकीची आई त्याच रात्री
स्मशानाच्या पत्र्यावरून निघून गेली,
कंपन्यांच्या धुरातून, बेलापूर रस्त्यावरच्या टँकरांच्या डोक्यावरून,
कुठं ते मला मोजता येत नाही.
तिवरं मात्र दिवसभर हवा खातात.
पान गळतं, चिखलात रुततं.
तिथं हवा पोचत नाही म्हणून कुजता कुजत नाही,
शेकडो वर्षं साखळी धरून बसतं.

'असेल' असं मी म्हटलं नाही.
'नसेल' म्हणायलाही माझ्याकडे उपकरण नव्हतं.

भट्टी उघडली.
काळं होतं ते विटकरी झालेलं,
चिमूटभर, हलकं, बिनवासाचं.
घट: अकरा पूर्णांक चार टक्के.
त्यातला अर्धा कार्बन धरायचा, असा संकेत आहे.

"एवरी हाय?"
एवढी होती, म्हटलं.
आपण आत्ता जाळली ती.

तो बराच वेळ धुराड्याच्या पंख्याकडे बघत राहिला.
मग उरलेल्या चिखलाची बरणी उचलली,
झाकण घट्ट लावलं,
भरती किती वाजता ते मला विचारलं,
मला, जिला खाडी फक्त वासानं माहीत,
आणि उत्तराची वाट न बघता सायकल काढली.

रिपोर्ट त्यानं नेला नाही.
मूस धुवायची राहिली होती.
ती मी धुतली.